लढाईतून वाचले, सरावात गेले : विंग कमांडर जम्बो मजुमदार यांची गोष्ट

स्मृतिदिन विशेष

पहाटे शेतावर जायला निघालो की वाटेत किनारा लागतो. ओहोटी असेल तर वाळू घट्ट असते, आणि त्या वाळूत पाच-सहा पोरं धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी आर्मीसाठी, कुणी अग्निवीरसाठी. अंगात घामाने भिजलेली बनियन, हातात मोबाईलवर वेळ लावलेली. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात सकाळी हे चित्र बघायला मिळतं.

काही वर्षांपूर्वी एका गावात श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला बातमीसाठी गेलो होतो. फौजेतला एक मुलगा प्रशिक्षण चालू असताना अपघातात गेला होता. मंडपात मागच्या रांगेत दोन-तीन माणसं हळू आवाजात बोलत होती. बोलणं असं चाललेलं की पोरगा काही सीमेवर नव्हता, गोळी लागून गेला नाही, मग याला शहीद म्हणायचं की नाही. मुलाचे वडील समोरच खुर्चीत बसले होते. त्यांच्या कानावर ते गेलं असेल की नाही, माहीत नाही. माझ्या कानावर मात्र गेलं आणि डोक्यातून निघालं नाही.

आज १७ फेब्रुवारी. याच तारखेला, १९४५ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, आपल्या हवाई दलातला त्या काळचा सगळ्यात नावाजलेला वैमानिक गेला. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून परत आलेला, फ्रान्सच्या आकाशात जर्मनांच्या तोफांमधून विमान काढून सुखरूप आलेला माणूस. तो गेला लाहोरला, कवायतीचा सराव करताना. समोर शत्रूचं एकही विमान नव्हतं. त्यांचं नाव विंग कमांडर करुण कृष्ण मजुमदार. सगळं हवाई दल त्यांना जम्बो म्हणायचं. मंडपातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या आयुष्यात सापडलं, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितो.

आजोबा काँग्रेसचे पहिले अध्यक्ष

मजुमदारांचा जन्म ६ सप्टेंबर १९१३ चा, कलकत्त्याचा. घर मोठं शिकलेलं. आईकडून त्यांचे आजोबा म्हणजे व्योमेशचंद्र बॅनर्जी. हे नाव शाळेत इतिहासाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलंय. डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच बॅनर्जी. आणि ते अधिवेशन भरलं कुठे? तर आपल्या मुंबईत, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. म्हणजे नातू कलकत्त्याचा असला तरी घराण्याचं नाव मुंबईच्या इतिहासात आधीपासून कोरलेलं होतं.

अशा घरातला मुलगा इंग्रजांच्या हवाई दलात का गेला, हा प्रश्न वाचकांना पडणार. मलाही पडला. त्या दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं बघा. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, आपली माणसं पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३२ साली, मजुमदार विमान शिकायला इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात दाखल झाले. एकीकडे इंग्रजांच्या गोळीने माणसं मरत होती आणि दुसरीकडे इंग्रजांच्या कॉलेजात आपली मुलं शिकत होती. हे दोन्ही एकाच देशात, एकाच वेळी घडत होतं.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. त्या काळात बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांचं मत असं होतं की हिंदी माणसाला विमान उडवणं जमणार नाही. यंत्र त्याच्या हातात टिकणार नाही. घोडा ठीक, बंदूक ठीक, पण विमान नाही. हे मत खोडायचं तर बोलून भागणारं नव्हतं, उडवून दाखवावं लागणार होतं. स्वातंत्र्य उद्या मिळालं तर आकाश राखणार कोण, हाही प्रश्न होताच. इंग्रज गेल्यावर वैमानिक झाडाला लागणार नव्हते. आधी कुणीतरी शिकून ठेवायला हवं होतं.

चार विमानांचं हवाई दल

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी उभी राहिली १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर. तेव्हा सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता, १९३६ ला वेगळा झाला. म्हणजे ज्या इलाख्यात आपला कुलाबा जिल्हा होता, त्याच इलाख्यात हे हवाई दल जन्मलं. सुरुवात किती छोटी? वापिटी जातीची चार विमानं, मूठभर अधिकारी आणि हवाई सिपाही म्हणून घेतलेले एकोणीस जण. बस्स. एवढंच आपलं हवाई दल.

वापिटी म्हणजे दुहेरी पंखांचं, उघड्या बैठकीचं विमान. वारा तोंडावर, पाऊस तोंडावर. इंग्रजांनी वापरून झालेलं जुनं सामान. अशा विमानांवर मजुमदार आणि त्यांचे सोबती तयार झाले. वायव्य सरहद्दीवर, आजच्या पाकिस्तानातल्या डोंगरी मुलखात, त्यांना कामाला लावलं जायचं. उंच सुळके, अरुंद दऱ्या, इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा नाही. पहिल्या वर्षातच हवाई दलाचे दोन हिंदी वैमानिक अपघातात गेले होते. तेव्हा युद्ध नव्हतं. तरी माणसं गेली. पण बाकीचे मागे हटले नाहीत.

मजुमदार अंगाने भरदार होते, जम्बो हे नाव त्यावरूनच पडलं. विमानाच्या बैठकीत ते कसे मावत असतील असं वाटावं असा देह. पण हातात विमान आलं की तेच विमान एकदम हलकं व्हायचं. १९४१ मध्ये ते क्रमांक १ स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. तोवर युरोपात युद्ध पेटून दोन वर्षं होत आली होती.

मुंबईच्या पैशातून आलेली बारा विमानं

इथे आपल्या भागाचा एक धागा येतो, जो फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९४१ मध्ये क्रमांक १ स्क्वाड्रनला जुनी वापिटी जाऊन नवी लायसँडर विमानं मिळाली. बारा विमानं. ती दिली मुंबईच्या युद्धनिधीने. मुंबईत गोळा झालेल्या पैशातून ही बारा विमानं या तुकडीला भेट मिळाली. म्हणजे जम्बो मजुमदार जी विमानं घेऊन लढाईला गेले, त्यांच्यावर मुंबईचा पैसा होता.

लायसँडर हे विमान कसं होतं, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. एक इंजिन, दोन माणसांची जागा, पंख डोक्यावर, चाकं आत न जाणारी. भाताच्या खाचराएवढ्या जागेत उतरू शकेल असं विमान. पायदळाच्या वर फिरायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं, फोटो काढायचे, निरोप टाकायचे, यासाठी बनवलेलं. वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर. जपान्यांची लढाऊ विमानं याच्यापेक्षा कितीतरी वेगवान. सरळ सांगायचं तर आपली रोजची होडी घेऊन आरमाराशी लढायला जाण्यासारखं होतं.

ब्रह्मदेश : फेब्रुवारी १९४२

डिसेंबर १९४१ ला जपान युद्धात उतरला. ब्रह्मदेशावर चाल झाली. कोकणातल्या माणसाला ब्रह्मदेश म्हटलं की थिबा राजा आठवतो, ज्याला इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवलं होतं आणि जो तिथेच १९१६ ला वारला. त्याच थिबा राजाच्या देशात आता जपानी घुसले होते.

१ फेब्रुवारी १९४२ ला मजुमदारांची तुकडी टाउंगू इथे उतरली. उतरल्या उतरल्या जपानी विमानांनी त्या तळावर बॉम्ब टाकले. लायसँडर हे बॉम्बफेकी विमान नव्हतं. दुसरा एखादा अधिकारी असता तर वरून हुकूम येईपर्यंत थांबला असता, खंदकात बसून राहिला असता. मजुमदारांनी तसं केलं नाही. लायसँडरच्या चाकांवर बारके पंख असायचे, त्यांना दोन बॉम्ब लावायचं ठरलं. एकेक बॉम्ब २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलो. युरियाच्या अडीच गोणी एका बाजूला, अडीच गोणी दुसऱ्या बाजूला. आणि मजुमदार स्वतः निघाले.

सीमेपलीकडे थायलंडमध्ये मे हाँग सोन इथे जपान्यांचा तळ होता. विमानं तिथूनच येत असणार असा अंदाज. जंगलावरून, झाडांच्या शेंड्यांना घासून जावं इतक्या खालून मजुमदार गेले. सोबतीला न्यूझीलंडच्या वैमानिकांची दोन बफेलो विमानं होती. असलं संथ विमान घेऊन हा माणूस शत्रूच्या तळावर निघालाय म्हटल्यावर सोबत येणाऱ्यांना तो परत येईल याची खात्री नव्हती. मजुमदार गेले, हँगरवर बॉम्ब टाकले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी घेऊन पुन्हा गेले.

स्वतः आधी जायचं आणि मग माणसांना न्यायचं, ही त्यांची रीत. आपल्याकडे होडीवर चांगला तांडेल असतो ना, तसं. खवळलेल्या पाण्यात तो मागे बसून हुकूम सोडत नाही, सुकाणू स्वतःच्या हातात ठेवतो. म्हणून खलाशी त्याच्या बोटीवर जायला तयार होतात.

पुढचे काही आठवडे फार वाईट होते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून गेलं. ब्रह्मदेशात पोटापाण्यासाठी गेलेले लाखो हिंदी लोक डोंगर-जंगलातून पायी भारताकडे निघाले, त्यातले कितीतरी वाटेतच गेले. या सगळ्या पळापळीत मजुमदारांची तुकडी टाउंगू, लाशिओ, रंगूनजवळचं मिंगलादोन अशी तळ बदलत लढत राहिली. टेहळणी, फोटो, बॉम्बफेक, जे पडेल ते काम. मार्चमध्ये तुकडी माघारी आली.

या कामाबद्दल मजुमदारांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. या युद्धात ते मिळवणारे हवाई दलातले ते पहिले भारतीय अधिकारी. हिंदी माणसाला विमान झेपणार नाही म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. तेही दुसऱ्याने नको म्हणून टाकलेलं काम अंगावर घेऊन.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इकडे चले जाव सुरू झालं. सप्टेंबरात आपल्या महाडला मोर्चावर गोळ्या चालल्या. एकाच सरकारने मजुमदारांच्या छातीवर पदक लावलं आणि महाडला आपल्या पोरांच्या छातीवर गोळी मारली. ही गोष्ट झाकून मजुमदारांचं मोठेपण सांगण्यात अर्थ नाही. मला स्वतःला वाटतं की महाडला पडलेल्यांनी देश सोडवायला जीव दिला आणि मजुमदारांसारख्यांनी सुटलेल्या देशाला लागणारं हवाई दल घडवलं. यावर मतं वेगळी असू शकतात. असावीत.

पुन्हा लढाईवर, या वेळी फ्रान्समध्ये

एवढं नाव झाल्यावर माणूस ऑफिसात बसून सलाम घेत राहिला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. मजुमदारांना ते मानवलं नाही. १९४४ मध्ये त्यांनी स्वतःहून युरोपात लढायला जायचं मागितलं. इंग्रजांच्या २६८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते दाखल झाले.

६ जून १९४४ ला दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. मजुमदारांचं काम होतं मस्टँग विमानातून खाली जाऊन जर्मनांचे फोटो काढायचं. बॉम्ब टाकणाऱ्याला बॉम्ब टाकून पळता येतं. फोटो काढणाऱ्याला तसं जमत नाही. फोटो नीट यायचा तर विमान सरळ रेषेत, एका उंचीवर, न हलता न्यावं लागतं. आणि खालून तोफा नेमक्या त्याच वेळी नेम धरतात. सीन नदीवरचे पूल, फालेझच्या परिसरात अडकलेली जर्मन फौज, अशा ठिकाणांवरून त्यांनी फेऱ्या केल्या. या कामासाठी जानेवारी १९४५ मध्ये त्यांना तेच पदक दुसऱ्यांदा जाहीर झालं. त्या युद्धात हे पदक दोनदा मिळवणारे भारतीय हवाई दलातले ते एकटेच.

वय किती? ३१. पूर्वेला जपान, पश्चिमेला जर्मनी, दोन्ही शत्रूंशी दोन टोकांना लढून झालं होतं आणि माणूस धडधाकट घरी आला होता.

१७ फेब्रुवारी १९४५, लाहोर

परत आल्यावर त्यांच्याकडे एक नवं काम आलं. हवाई दलाची एक प्रदर्शन तुकडी होती. ठिकठिकाणी जाऊन लोकांसमोर विमानांच्या कसरती करायच्या. आज २६ जानेवारीला टीव्हीवर विमानं बघतो तसंच समजा. पण यामागे मोठं कारण होतं. हवाई दल वाढत होतं, वैमानिक हवे होते. आणि आई-बाप पोरांना पाठवायला घाबरत होते. विमान म्हणजे मरण, अशीच समजूत. आपल्यातलाच एक माणूस विमान लीलया फिरवतोय हे डोळ्यांनी बघितलं की पोरं पुढे येतील, हा हेतू. दोनदा पदक मिळालेले जम्बो मजुमदार यापेक्षा चांगला माणूस या कामाला कोण मिळणार?

लाहोरच्या वॉल्टन विमानतळावर ते हरिकेन विमानावर सराव करत होते. हरिकेन म्हणजे एका माणसाचं लढाऊ विमान. कसरतीत विमान उंचावरून खाली झेपावतं, जमिनीजवळ आलं की नाक वर करून पुन्हा आकाशात जातं. जेट्टीवर बसून घारीला मासा उचलताना बघितलंय ना? पाण्याला टेकते न टेकते तोच वर उठते. तसंच. पण घारीचं वजन किलोभरसुद्धा नसतं, हरिकेन काही टनांचं. ताशी ३६० किलोमीटर वेग धरला तर एका सेकंदात शंभर मीटर जातात. तीनशे मीटर उंचीवरून सरळ खाली यायचं तर हातात सेकंद असतात तीन. श्वास घेऊन सोडेपर्यंत संपतात. तेवढ्यात विमान वळलं तर टाळ्या, नाही वळलं तर संपलं.

त्या दिवशी विमान खाली आलं आणि वर उठलंच नाही. जमिनीवर आदळलं. मजुमदार जागीच गेले.

ब्रह्मदेशच्या जंगलावर, फ्रान्सच्या तोफांवर जे झालं नाही, ते आपल्याच मैदानावर, आपल्याच माणसांसमोर झालं. खबर हवाई दलात पसरली तेव्हा ज्यांनी त्यांना उडताना पाहिलं होतं त्यांना खरं वाटणं कठीण होतं. इतरांच्या बाबतीत अपघात समजू शकतो, पण जम्बोसारख्या वैमानिकाच्या?

सरावात गेलेल्यांची मोजदाद

अपघात वैमानिक कच्चा असल्यामुळेच होतो, असं आपण धरून चालतो. आकडे वेगळं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या बॉम्बर कमांडचे ५५ हजारांवर लोक मेले, त्यातले पाच हजारांवर लोक प्रशिक्षणातल्या अपघातांत गेले. अमेरिकेच्या हवाई दलाची सुमारे १५ हजार माणसं तर अमेरिकेतच, शत्रूचं तोंड न पाहता, प्रशिक्षणात आणि इतर उड्डाणांत अपघाताने गेली. ही काही दहा-वीस जणांची गोष्ट नाही. गावंच्या गावं रिकामी व्हावीत इतकी माणसं.

असं का व्हायचं? कारणं साधी आहेत. युद्धात वेळ नसतो. एरवी जे शिकायला वर्ष-दोन वर्षं लागतात ते काही महिन्यांत उरकावं लागतं. आपल्याकडे नवीन पोरं आधी टायगर मॉथ या छोट्या विमानावर शिकायची, मग अंबाल्याच्या शाळेत मोठ्या विमानावर जायची. शिकवायला अनुभवी माणसं कमी, कारण चांगली माणसं लढाईवर. सरावाला विमानं जुनी, कारण नवी विमानं लढाईवर. त्यात रात्रीचं उडणं, ढगातलं उडणं, एकमेकांच्या पंखाला पंख लावून उडणं. हे सगळं न शिकता लढाईवर गेलं तर मरण नक्की. आणि शिकतानाही मरण जवळच उभं.

आणि मजुमदारांसारखा मुरलेला माणूस जातो तेव्हा कळतं की अनुभव धोका कमी करतो, संपवत नाही. पन्नास वर्षं नारळावर चढणारा माणूस एक दिवस पडतो. चाळीस वर्षं समुद्रावर जाणारा तांडेल किनाऱ्याच्या समोर, बंदर दिसत असताना बुडतो. त्याला कुणी कच्चा म्हणत नाही. त्याचं काम तसं होतं, असंच म्हणतात.

लढाईत गेलेल्यांचंही असंच विसरायला होतं. पहिल्या महायुद्धात मुंबईचा एक तरुण, लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, केंब्रिजला शिकून इंग्रजांच्या हवाई दलात वैमानिक झाला होता. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर लढताना तो गेला, तिथेच त्याची कबर आहे. तो शत्रूशी लढताना गेला, मजुमदार सरावात गेले. आज आपल्या तालुक्यात दोघांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल? म्हणजे गोळी लागून गेला तर लक्षात राहतो, हेही खरं नाही. आठवण ठेवणारे असतील तरच माणूस लक्षात राहतो.

मागे काय राहिलं

मजुमदार गेल्यावर महिनाभराच्या आत, मार्च १९४५ मध्ये, इंग्रज सरकारने भारतीय हवाई दलाच्या नावापुढे रॉयल ही पदवी लावली. युद्धातल्या कामगिरीचा तो मान होता. त्या कामगिरीत मजुमदारांचा वाटा मोठा होता, पण तो मान बघायला ते नव्हते. पुढे देश प्रजासत्ताक झाल्यावर ती पदवी गेली, हवाई दल राहिलं.

त्यांच्या बरोबरीचे सुब्रोतो मुखर्जी, ज्यांनी त्यांच्या आधी तीच पहिली स्क्वाड्रन सांभाळली, ते १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्याच स्क्वाड्रनचं नेतृत्व करून १९४४ ला इंफाळच्या लढाईत नाव कमावणारे अर्जन सिंग १९६५ च्या पाकिस्तान युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते. मजुमदार जगले असते तर ते कुठवर गेले असते याचा अंदाज यावरून करता येतो. ज्या लाहोरात ते पडले, ते अडीच वर्षांत पाकिस्तानात गेलं.

पण एक गोष्ट कुठेही गेली नाही. चार जुनी वापिटी विमानं घेऊन सुरू झालेलं दल १९४७ ला स्वतंत्र भारताला मिळालं तेव्हा ते चालवायला आपली माणसं तयार होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात श्रीनगरला फौज उतरवायची वेळ आली, तेव्हा विमानं उडवणारे हात आपले होते. ही माणसं एका रात्रीत तयार झाली नव्हती. पंधरा वर्षांच्या सरावातून तयार झाली होती. आणि त्या सरावाची किंमत काही जणांनी जिवाने भरली होती.

मंडपातल्या त्या प्रश्नाकडे परत येतो. शेतकरी म्हणून मला एवढं कळतं की पीक फक्त कापणीच्या दिवशी येत नाही. राब भाजण्यापासून ते लावणीपर्यंत सगळे दिवस त्यात मोजावे लागतात. पेरणीच्या वेळी वीज अंगावर पडून गेलेला शेतकरी शेतकरी नव्हता, असं आपण म्हणत नाही. मग सरावात गेलेला सैनिक कमी कसा? लढाई एक दिवस चालते, तिची तयारी वर्षानुवर्षं चालते. दोन्हीकडे जीव सारखाच टांगलेला असतो.

त्या दिवशी मंडपात मी गप्प बसलो. बातमीदार होतो, बातमी घेऊन निघून आलो. त्या वडिलांजवळ जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते, बोललो नाही. आज जे लिहिलंय ते खरं तर त्यांना सांगायचं होतं.

आज सकाळीही ती पोरं किनाऱ्यावर धावत होती. एक जण धापा टाकत वाळूत बसला होता, दुसरा त्याला हात देऊन उठवत होता. भरती व्हायला अजून कितीतरी वेळ आहे, पण माझ्या लेखी त्यांचं काम सुरू झालंय.

विंग कमांडर करुण कृष्ण मजुमदार यांना आणि सरावात, प्रशिक्षणात जीव गेलेल्या सगळ्या सैनिकांना विनम्र अभिवादन.